गच्चीवरचे चेहरे

बडग्याच्या डाव्या भुवईखाली तीळ होता. शोभाताईंना तो तीळ आधी दिसला आणि चेहरा कुणाचा आहे ते नंतर कळलं. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना सगळं जरा जास्तच दिसायला लागलं होतं. समोरच्या भिंतीचा पांढरा रंग डोळ्यांत टोचायचा, पोरांच्या नाकांवरचा घाम वेगळा उठून दिसायचा. ढोलताशा गल्लीच्या वळणावरून आत आला तेव्हा त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि त्यांच्या पायांशी, पायऱ्यांवर, गल्लीतली पोरं दाटीवाटीनं बसली होती, दर मारबतीच्या सकाळी बसतात तशी. काल पोळा झाला. आज अख्खं नागपूर वर्षभराची रोगराई आणि इडापिडा कागदाच्या न् बांबूच्या पुतळ्यांवर लादून वाजतगाजत गावाबाहेर नेणार आणि जाळणार. महाल भागातल्या या गल्लीच्या मंडळाचाही असा एक पुतळा, बडग्या, निघायचा, आणि त्याचं तोंड कित्येक वर्षं शोभाताईंच्या गच्चीवरून जायचं. कधी डेंग्यूचा डास, कधी दारूची बाटली. जिवंत माणसाचं तोंड करायचं नाही, एवढी एकच अट त्यांनी मंडळाला घातली होती आणि ती पाळली जाते याचा त्यांना अभिमान होता. यंदा त्यांनी मोठ्या मिशांचा राक्षस केला होता. त्या राक्षसाची वाट पाहत होत्या आणि आलं ते हे. पिवळी साडी नेसवलेला बांबूचा सांगाडा, हातांत प्लास्टिकच्या बांगड्या, आणि वर उन्हात डुलणारा तो चेहरा, नाकात चमकीसाठी ठेवलेल्या बारीक भोकासकट. त्यांच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की वरचा ओठ चांगला जमला आहे. शनिवारच्या वर्गातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात तो एवढा चांगला वाटला नव्हता. तो इथं नव्हे, वर गच्चीवर असायला हवा होता, हे त्यांना त्यानंतर सुचलं.

"पोराची पोरगी होणाऱ्यांले..." माईकवरून मंडळाचा बंटी ओरडला, आणि गल्लीनं पुढचं उचललं, "घेऊन जाऽ गे मारबत!"

पोरं उठून उभी राहिली. "बाई, हा तं राक्षस नाही!" "बाई, हे कोण आहे?" परी सगळ्यांत लहान, पण सगळ्यांत चांगली पाहणारी. तिनं एक डोळा मिटला, हात लांब केला, आंगठा उभा धरला आणि मापलं, अगदी शिकवलं होतं तसं. आधी बाहेरची रेघ, मग नाकाची लांबी, मग कान कुठल्या उंचीवर आहेत ते, आणि सगळ्यांत शेवटी खुणा. घाई करायची नाही. पाहून झालं असं वाटलं की पुन्हा एकदा पाहायचं. शोभाताईंना परीचं ते मापणं दिसत होतं, तिच्या आंगठ्याच्या नखातली शाई दिसत होती, आणि आता काय होणार तेही दिसत होतं. पण एखादं मूल पाहत असताना त्याला थांबवायचं कसं, हे त्या आयुष्यात कधी शिकल्या नव्हत्या. "पंकजदादा!" परी किंचाळली. "बाई, पंकजदादा आहे! तो तीळ पाय ना, तीळ!" आणि मग सगळ्यांनाच दिसलं, कान दिसले, हनुवटीतला खड्डा दिसला, पोरं पायऱ्यांवरून उड्या मारत खाली पळाली आणि दारोदार सांगत सुटली, पंकजदादा आहे, पंकजदादाले पोरगी बनवलं. परीनं मागे वळून बाईंकडे पाहिलं. तिला शाबास हवं होतं. ते शोभाताईंच्या ओठांपर्यंत आलंही होतं.

बेसाला त्या जायला लागल्या ते सोनिकामुळे. सोनिका त्यांची शाळेतली विद्यार्थिनी, आता स्वतःची संस्था चालवणारी, केस बारीक कापलेली. ती एकदा घरी आली आणि म्हणाली, "बाई, आमच्याकडे येतात ती मुलं घरी खरं बोलू नाही शकत. कोणी घरच्यांच्या लेखी मुलगा आहे पण मुलगी आहे. कोणा मुलाचं मुलावर मन आहे. बोलाले बसवलं की एक तं रडतात नाही तं हसत राहतात. त्यांच्या हाताले काही काम द्या ना." मुलं म्हणजे मुलं, असं शोभाताई म्हणाल्या होत्या आणि म्हणताना स्वतःवर जरा खूशही झाल्या होत्या. मग दर शनिवारी त्या महालातून बस बदलत बदलत शहराच्या त्या टोकाला जायच्या, नव्या इमारतींच्या मधल्या एका हॉलमध्ये, जिथं खिडकीतून अजून सिमेंटचा वास यायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातात आरसा दिला आणि आपला चेहरा करायचा असं सांगितलं. कुणी आरशात पाहीना. सौरवनं आरसा पालथा ठेवला. रितिकानं तो इतका जवळ धरला की त्यात एकावेळी एकच डोळा दिसावा. ओठ करायची वेळ आली की फक्त ओठ. तिला तुकडे चालत होते, सगळं मिळून चालत नव्हतं. शोभाताई काही बोलल्या नाहीत. सावनेरच्या शाळेत होत्या तेव्हा चौथीतला एक मुलगा वर्षभर माणसं पाठमोरीच काढायचा. त्यालाही त्या काही बोलल्या नव्हत्या, आणि वर्षाच्या शेवटी त्याचं एक माणूस आपोआप वळलं होतं.

मोठा चेहरा करण्याची त्यांना एकच पद्धत येत होती. बांबूच्या कामटीचं कडं, त्यावर चिंध्या, चिंध्यांवर माती, आणि मातीवर रद्दी कागदाचे थर, एक वाळला की दुसरा; सगळे वाळले की आतली माती काढून टाकायची. ही पद्धत त्या लहानपणी बडग्या करणाऱ्यांच्या शेजारी बसून शिकल्या होत्या, आणि बडग्याचं तोंड लांबून दिसावं लागतं म्हणून ते माणसाच्या तोंडाच्या दुप्पट-तिप्पट करायचं असतं. बेसाच्या मुलांना त्यांनी तेच शिकवलं. "मोठा करा," त्या म्हणाल्या, "आजवर तुम्ही लहान होऊन राहिलात. भिंतीवर लावला की रस्त्यावरून दिसला पाहिजे." मुलांना ते आवडलं. आपण त्यांना जाळायच्या पुतळ्याचं माप देतो आहोत हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. हात तेच करत आले होते. तांदळाची, मेथी घातलेली खळ कशी शिजवायची हे मात्र रितिकानंच सगळ्यांना दाखवलं. तिचे वडील हातमागावर होते तोवर घरात सुताला खळ द्यायचे, तो वास तिच्या नाकात होता. ती म्हणायची, "गुठळी नाही झाली पाहिजे, बाबा लय ओरडत." हॉलचा मालक ओलं सामान ठेवू देईना, म्हणून सगळे चेहरे वाळवायला शोभाताईंच्या गच्चीवर आले. टॅक्सीच्या मागच्या सीटवर एकमेकांना टेकून बसलेले ते चेहरे आणि पुढच्या सीटवर त्या. ड्रायव्हरनं विचारलं, "मारबतीचे का, आजी?" आणि त्या हसून हो म्हणाल्या, कारण समजावून सांगायला वेळ लागला असता.

शनिवारी बेसात ती रितिका होती आणि बाकीचे दिवस गल्लीत तो पंकज. "गल्लीत मले पंकजच म्हणा, बाई," तिनंच सांगितलं होतं, "चुकून कधी तोंडातून जाईन." घर शोभाताईंच्या समोरच्याच रांगेत. वडील गेल्यावर आई वच्छलाबाई आणि तो, आणि वरच्या मजल्यावर काका नत्थूजी आणि त्यांचा बंटी. नत्थूजींचं इतवारीत साड्यांचं दुकान, पंकज कॉलेज सुटलं की तिथं. साडी विकणाऱ्यानं साडी अंगावर घेऊन दाखवायची असते, पदर खांद्यावर टाकून, निऱ्या बोटांत धरून. गादीवर बसलेल्या बायकांना त्याशिवाय कळत नाही. ते काम पंकजचं. नत्थूजी गल्लीभर सांगायचे, पंक्यानं अंगावर टाकली की ती साडी परत घडीत जात नाही. शोभाताई एकदा दुकानात गेल्या होत्या तेव्हा त्यांनी त्याला पाहिलं होतं, समोरच्या मोठ्या आरशात, जांभळ्या साडीचा पदर घेऊन उभा, आणि एक गिऱ्हाईक बाई म्हणत होती, काय शोभून दिसते गा तुले, आणि सगळं दुकान हसत होतं, तोही हसत होता. फक्त आरशातला हसत नव्हता. पूर्ण आरशात पाहायची तेवढी एकच जागा तिला आयुष्यात मिळाली होती आणि तिथं सगळे हसत होते. हे त्यांना तिनं आरसा डोळ्याजवळ धरलेला पाहिल्यावर समजलं.

रितिकाचा चेहरा सगळ्यांच्या आधी रंगवून झाला. येत्या रविवारी बेसाला मुलांच्या चेहऱ्यांचं प्रदर्शन होतं, आणि कल्पना शोभाताईंचीच. आईला तिथं आण. आधी ती चेहरा पाहील, निवांत पाहील, मग तुझ्याकडे पाहील. तोंडानं सांगायची गरज पडणार नाही. "आणि तोवर?" रितिकानं विचारलं होतं. "तोवर माझ्या गच्चीवर. तुझ्याआधी तुझ्या आईला कुणी दाखवणार नाही." रितिकानं आईला कसलंसं प्रदर्शन आहे एवढंच सांगितलं आणि वच्छलाबाईंनी रविवारसाठी साडी इस्त्रीला दिली. ती साडी काल दुपारी त्यांच्या दोरीवर हॅंगरला लटकलेली शोभाताईंनी इथून, याच खुर्चीतून, पाहिली होती. त्यांना खूप बरं वाटलं होतं.

काल संध्याकाळी बंटी तोंड न्यायला आला. हाही त्यांच्याच हाताखालचा. लहानपणी बैलांची चित्रं फार छान काढायचा, शिंगं चुकायची पण पाय बरोबर. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं होतं, डोळ्यांत नुकतंच औषध घातलेलं, त्या डोळे मिटून बसल्या होत्या. "वर जा, डावीकडं मिशीवाला आहे. सांभाळून ने, नाक नाजूक आहे." घराला या कधी कुलूप नव्हतं, ज्या मुलाला जे लागेल ते त्यानं न्यावं, काम झालं की आणून ठेवावं. बंटी वर गेला. बराच वेळ आला नाही. मग वरून त्याचं हसणं ऐकू आलं, एकट्याचंच, दाबलेलं, आणि शोभाताईंना डोळे मिटल्या मिटल्या वाटलं की एवढा मोठा झाला तरी राक्षस पाहून हसतोय, पोरच आहे अजून. तो खाली आला तेव्हा चादरीत गुंडाळून आला. "झाकून नेतो, बाई. नजर नको लागाले." आणि त्यांनी चाचपडत चादरीची गाठ नीट बांधून दिली.

बडग्या आता वच्छलाबाईंच्या दारासमोर उभा होता. मुद्दामच उभा केला होता. ढोल थांबला. वच्छलाबाई दारात, साडीचा ओचा खोचलेला, हात पिठाचे, आणि त्यांच्या मागे अंधारात पंकज. शोभाताईंना तो अंधारातही दिसला, नव्या डोळ्यांनी. तो बडग्याकडे पाहतच नव्हता, आईच्या पाठीकडे पाहत होता.

"बंट्या, लाज नाही वाटत तुले?" वच्छलाबाई म्हणाल्या. आवाज मोठा होता, पण त्यात थरकाप नव्हता, राग होता. "भावाचं तोंड लावतं बडग्याले? दुकानात पोटासाठी साडी घेऊन उभा राहते तो, तुह्याच बापाच्या दुकानात, अन् त्याची थट्टा करतं? काढ ते! काढ म्हणतो ना!"

लोक हसले, पण जरा ओशाळून. कुणी तरी म्हणालं, जाऊ द्या ना वहिनी, मजाक आहे. बंटीचा चेहरा पडला. खरंच पडला, शोभाताईंनी पाहिलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर बडग्याचा चेहरा उतरवला गेला असता, एक वाईट थट्टा म्हणून ती गोष्ट गल्लीत दोन-चार दिवस राहिली असती आणि गणपतीच्या गडबडीत विरली असती.

"अवो वहिनी, आमच्यावर काहून चिडता?" नत्थूजी पुढे आले, पांढरा सदरा, कपाळाला गुलाल. "तोंड आम्ही थोडीच केलं. बाईच्या घरून आलं. यंदा बाईलेच मजाक सुचली असन. काय बाई? तुम्हीच केलं ना हे? हुबेहूब केलं, मानलं तुम्हाले!"

सगळी गल्ली ओट्याकडे वळली. वच्छलाबाईही वळल्या. त्यांच्या डोळ्यांत शोभाताईंवरचा राग तयार होता, त्या फक्त हो म्हणण्याची वाट पाहत होत्या. हो म्हटलं की संपलं. हो, मीच केलं, म्हाताऱ्या माणसाची गंमत, चुकलं माझं. वच्छलाबाई चार शिव्या देतील, वर्षभर बोलणार नाहीत. शोभाताईंना हे सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं. आणि त्याच वेळी त्यांना तो वरचा ओठ दिसत होता, त्यावरचा तो एवढासा उठाव, जो मातीत साधायला रितिकानं तीनदा ओठ मोडून पुन्हा केला होता आणि ज्याला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. शाळेतल्या शिक्षिका मुलांची चित्रं स्पर्धेला पाठवण्याआधी स्वतः गिरवून द्यायच्या. शोभाताई आयुष्यभर त्यांच्याशी भांडल्या. मुलाच्या कामावर आपला हात नाही आणि आपलं नाव नाही. हे त्यांच्यात इतकं खोल मुरलेलं होतं की ते विचारांच्या आधी तोंडातून बाहेर पडायचं.

"माझं नाही ते," त्या म्हणाल्या. "त्याच्याच हातचं आहे."

आवाज त्यांचा वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. वच्छलाबाईंनी बडग्याकडे पाहिलं, आणि यावेळी थट्टा म्हणून नाही, नीट पाहिलं. भुवया पाहिल्या, नाकातलं भोक पाहिलं, कपाळावर रंगवलेली टिकली पाहिली. त्या चेहऱ्याकडे इतक्या शांतपणे कुणीतरी पाहावं म्हणून तर तो केला होता. "स्वतःचं स्वतः?" नत्थूजी हळूच म्हणाले. "असं पोरीचं?" कुणी हसलं नाही. वच्छलाबाई मागे न वळता आत गेल्या. पंकज दारात एकटा राहिला, उजेडात. कुणीतरी शिटी मारली आणि ती मध्येच तुटली. वच्छलाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांची मूठ मिटलेली होती. मीठ, मोहरी, लाल मिरच्या. त्यांनी मूठ मुलाच्या डोक्यावरून पायांपर्यंत उतरवली, पुन्हा उतरवली. त्याच्या डोक्यापर्यंत त्यांचा हात पोचेना, तेव्हा तो वाकला. तापातल्या लेकराला सोसवेल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "माह्या लेकराची पीडा घेऊन जा गे माय," आणि पूर्ण ताकदीनं ती मूठ त्या चेहऱ्यावर फेकली. मोहरीचे दाणे कागदावर पावसासारखे वाजले. ढोल सुरू झाला. बडग्या पुढे गेला, आणि नत्थूजींनी पंकजच्या दंडाला धरून त्याला मिरवणुकीत ओढून घेतलं, सगळ्यांच्या पुढे, प्रेमानं.

दुपारी शोभाताई जिना चढून गच्चीवर गेल्या. जुनी साडी पांघरलेले चेहरे एका रांगेत होते, अजून न रंगवलेले, वर्तमानपत्राच्या अक्षरांचे. सौरवच्या गालावर कापसाचे भाव होते. मिशीवाला राक्षस एका कोपऱ्यात जसाच्या तसा. चेहऱ्यांच्या मध्ये एक जागा रिकामी होती. त्या तिथंच टेकल्या. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा त्यांनी ओळखली. पंकजचे केस कापलेले होते, कानांवरून मशीन फिरवलेलं, मानेवर बारीक केस चिकटलेले. सदऱ्यावर गुलाल आणि बोटांना काजळी.

"लवकर नाही जळलं, बाई," तो म्हणाला. "साडी भुर्रकन गेली. बांबू गेला. तोंड मात्र किती वेळ तसंच. सगळे उभे राहून पाहत होते. थर घट्ट बसले होते ना. तुम्ही म्हणत, एक वाळल्याशिवाय दुसरा नाही लावायचा."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, हेच शोभाताईंना सहन होईना.

"तुम्ही खरं सांगितलं. तुम्ही नेहमी खरंच सांगता," तो म्हणाला. मग जरा उत्साहानं, आणि तो उत्साह खराच होता, "काका म्हणे पुढच्या वर्षीपासून तोंड पंक्याच करन. म्हणे अशी कला आहे अन् आम्हाले माहीतच नाही. सगळे म्हणत होते, हुबेहूब आहे."

"रविवारी..." शोभाताई म्हणाल्या.

"आई नाही येत. मी पण नाही. साडी परत ठेवली तिनं." त्यानं काजळीची बोटं पँटला पुसली. "बाई, एक सांगाचं होतं. बंटीदादानं विचारलं बाकीची तोंडं कोणाची आहेत. मी सांगितलं. घरं पण सांगितली. त्यानं खांद्यावर हात ठेवला होता. लहान होतो तेव्हा ठेवत होता तसा. संध्याकाळी गाडी घेऊन येते. म्हणे एकेकाच्या दारापुढं एकेक नेऊन ठेवू, त्यांच्या घरच्यांलेही पाहू द्या."

खाली कुठंतरी प्रेशर कुकरची शिटी झाली. शोभाताईंनी दाराला लावायला कुलूप आठवून पाहिलं. कुलूप नव्हतंच, आणि असतं तरी काय उपयोग. बंटी येईल, पायाला हात लावेल, म्हणेल, बाई, हे कोणाचं आहे, आणि त्या सांगतील. सकाळी एका खोट्यानं सगळं वाचलं असतं आणि ते त्यांना बोलता आलं नव्हतं. संध्याकाळीही येणार नाही. अडुसष्टाव्या वर्षी माणूस खोटं बोलायला शिकत नाही. त्यांनी सोनिकाला फोन लावला, मुलांना सावध कर म्हणून सांगितलं, चेहरे मोडतेय म्हणून सांगितलं. "बाई, थांबा, त्यांना विचारा तरी! त्यांचे आहेत ते!" सोनिका ओरडत होती. शोभाताईंनी फोन खाली ठेवला. मुलांना न विचारता त्यांच्या कामाला हात लावायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

"रितिका," त्या म्हणाल्या, "मोठा टब आण. आणि खालून गरम पाणी."

त्यानं वळून जिन्याकडे पाहिलं, कुणी आलं आहे का ते. मग त्याच्या लक्षात आलं, हाक त्यालाच होती. "आणतो," तो म्हणाला. त्यानं टब आणला, पाण्याच्या बादल्या आणल्या, आणि पहिला चेहरा पाण्यात गेला तसा जिना उतरून निघून गेला. रस्त्यापलीकडे वच्छलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याला आत घेतलं आणि दार लावलं.

चेहरे पाण्यावर तरंगत राहिले, नाकं वर. खळ चांगली शिजली होती, सुटेना. शोभाताईंनी बाह्या सारल्या आणि कानांपासून सुरुवात केली. गुडघे दुखत होते, वेळ कमी होता. तेवढ्यात पोरं आली, मारबतीनंतर दरवर्षी येतात तशी, गुलालानं माखलेली, परी सगळ्यांत पुढे. "बाई, आज काय कराचं?" त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा त्या छोट्या छोट्या हातांकडे.

"लगदा," त्या म्हणाल्या. "गणपती येतील ना चार दिवसांत. बसा गोल."

पोरं आनंदानं टबाभोवती बसली. हात कोपरापर्यंत पाण्यात गेले. कापसाचे भाव विरघळले, कुणाची तरी हनुवटी परीच्या मुठीतून फुगून बाहेर आली आणि सगळी खिदळली. गरम पाण्याला मेथीचा आणि शिजल्या तांदळाचा वास येत होता. मोठं काम पोरं किती पटकन करतात, शोभाताईंना नेहमीच नवल वाटायचं. खाली गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज आला.

"बाई, हा कान नाही विरघळून राहिला," परी म्हणाली, आणि तिनं तो वर उचलून उजेडात धरला. "पाय ना, किती मस्त केला आहे."

"हो," शोभाताई म्हणाल्या. "जोरानं दाब, बेटा."